हद्दीवरची तिकिटं : युद्धकाळात, वादग्रस्त मुलखात निघालेल्या टपाल तिकिटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या आठवड्यात मी दोन-तीन शाळांत तिकिटांच्या चार फ्रेमा मांडतो. दोन निजामी तिकिटांच्या. उरलेल्या दोन जगातल्या अशा मुलखांच्या, जिथं लढाई चालू असताना, हद्द कुणाची हे ठरायच्या आधीच कुणीतरी तिकिटं काढून मोकळं झालं. पोरं येतात, पोरांबरोबर गुरुजी येतात, आणि घरी जुनी पेटी असलेले एक-दोन आजोबा हमखास येतात. प्रश्न तेच ते असतात. उत्तरं लिहून ठेवली तर घसा वाचेल, म्हणून हा खटाटोप.

मराठवाड्यात बसून इराकमधल्या मोसुलची आणि फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सासची तिकिटं कशाला गोळा करायची?

कारण आपल्या आज्या-पणज्या अशाच मुलखात संसार करत होत्या. बार्शी इंग्रजी हद्दीत, शेजारचं परांडा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. उमरखेड वऱ्हाडात, पैनगंगा ओलांडली की हदगाव मोगलाईत. निजामाचं तिकीट निजामाच्या हद्दीपुरतंच चालायचं. परांड्याहून बार्शीच्या व्याह्याला खुशाली कळवायची तर अंतर बैलगाडीचं, पण त्या पत्राला निजामाचं तिकीट उपयोगाचं नाही. त्याला पलीकडच्या सरकारचं तिकीट लागायचं. त्यासाठी संस्थानात ठिकठिकाणी इंग्रजी टपाल कचेऱ्याही होत्या. म्हणजे एकाच मुलखात दोन टपालखाती. पैसाही दोन तऱ्हांचा : इकडचा हाली, तिकडचा कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. निजामी तिकिटावरचा आणा हा हाली आणा, हे आजही निम्म्या संग्राहकांच्या लक्षात येत नाही.

हे ज्यानं घरात ऐकलंय त्याला मोसुलचं तिकीट समजावून सांगावं लागत नाही.

पोलीस ॲक्शनच्या वेळी हैदराबादेत वेगळी तिकिटं निघाली का?

नाही. आणि माझ्या मते हीच सगळ्यात मजेची गोष्ट आहे.

भारत आणि निजाम यांच्यातला जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४७ चा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, सोलापूरकडून येणारी तुकडी पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली, १७ तारखेला निजामानं हात टेकले. मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. सरकार बदललं, झेंडा बदलला, पण टपाल कचेरीच्या खिडकीत तिकीट निजामाचंच! भारतानं त्यावर कसलाही शिक्का मारून 'आता हे आमचं' असं जाहीर केलं नाही. संस्थानाचं टपाल १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झालं, तेव्हाच ती तिकिटं गेली. तोवर दीड वर्ष मराठवाड्यातला माणूस स्वतंत्र भारतात बसून निजामाचं तिकीट चिकटवत होता.

आता याच तिकिटाकडे नुसतं, सुटं, अल्बममध्ये लावलेलं बघा. काय कळतं? काहीच नाही. ऑगस्ट १९४८ चं, रझाकारांच्या धुमाकुळातलं पाकीट आणि ऑगस्ट १९४९ चं पाकीट, दोन्हींवर तिकीट एकच. फरक फक्त शिक्क्याच्या तारखेत. म्हणून मी मुलांना सांगतो, तिकीट दावा सांगतं, साक्ष मात्र शिक्का देतो. तिकीट छापायला एक छापखाना आणि मनात हाव असली की पुरतं. शिक्का मारायला त्या गावात खरोखरची कचेरी, पोस्टमास्तर आणि पत्र टाकणारा माणूस लागतो. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

जाता जाता : पत्रावर किंवा शिक्क्यात फसली साल, म्हणजे निजामी कारभारातली कालगणना, दिसलं तर त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून पुढचं वर्ष. पोलीस ॲक्शन त्याच वर्षाच्या शेवटी झालं.

निजामी तिकिटांवर मराठवाडा आहे का?

आहे की. १९३१ च्या चित्रमालिकेत ८ आण्यांच्या नारिंगी तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि १ रुपयाच्या पिवळ्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार. १ आण्यावर चारमिनार, २ आण्यांवर हायकोर्ट, १२ आण्यांवर बिदरचा मदरसा. १८७१ पासूनच्या जुन्या तिकिटांवर किंमत मराठीतही लिहिलेली असे. भिंग घेऊन कोपरे बघितले की देवनागरी सापडते. 'सरकारी' असा उर्दू छाप असलेली तिकिटं कचेरीच्या कामाची.

युद्धाशी थेट संबंध असलेलं एकच : दुसऱ्या महायुद्धातल्या विजयानिमित्त निघालेलं, घरी परतणाऱ्या सैनिकाचं १ आण्याचं निळं तिकीट. ते मुबलक आहे, त्यामुळे जास्त दाम मोजू नका.

लढाई चालू असताना तिकिटं छापायची घाई कुणाला असते?

जो मुलूख ताब्यात घेतो त्याला. कारण तीन, पण त्यातलं तिसरंच खरं.

पहिलं, टपाल बंद पडलं की लोक बिथरतात, व्यापार थांबतो. दुसरं, चलन बदललेलं असतं, त्यामुळे जुन्या पैशातली तिकिटं विकता येत नाहीत. तिसरं, कर गोळा करायला दारोदार जावं लागतं, पण तिकीट माणूस स्वतः येऊन, स्वतःच्या पैशानं विकत घेतो आणि आपल्या हातानं, आपल्या मुलाच्या नावाच्या पाकिटावर चिकटवतो. राजा कोण हे त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

ओव्हरप्रिंट म्हणजे काय, आणि युद्धात तेच का जास्त?

आधीच छापून तयार असलेल्या तिकिटावर वरून नवा मजकूर छापणे म्हणजे ओव्हरप्रिंट. मजकुरानं किंमत बदलली तर त्याला सरचार्ज म्हणतात. नवं तिकीट काढायचं तर चित्र, कोरीव साचा, कागद, डिंक, छिद्रं पाडायचं यंत्र, महिनोन्‌महिने जातात. फौज तेवढी थांबत नाही. शत्रूच्या कचेरीत सापडलेले गठ्ठे घ्यायचे, गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या ट्रेडलवर चढवायचे, चार अक्षरं छापायची, की झाली राजवट सुरू.

माझं लाडकं उदाहरण मोसुलचं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर हिंदी फौज होती, तिचं नाव 'इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी'. कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. तुर्कांशी शस्त्रसंधी झाली ३० ऑक्टोबर १९१८ ला, आणि मोसुल शहर ब्रिटिशांनी घेतलं त्यानंतर, नोव्हेंबरात. तुर्क म्हणाले, शस्त्रसंधीनंतर घेतलेलं शहर तुमचं कसं? हे भांडण राष्ट्रसंघापर्यंत गेलं आणि १९२६ ला मिटलं. पण तिकिटं निघाली १९१९ च्या फेब्रुवारीतच! तुर्की महसुली तिकिटं, म्हणजे आपल्याकडच्या कोर्ट-फी स्टॅम्पासारखी, ती उचलून त्यावर 'पोस्टेज', 'आय.ई.एफ. डी' आणि किंमत छापली.

किंमत कशात? आण्यांत. अर्धा आणा, १ आणा, अडीच आणे. कारण फौज हिंदी, तर चलनही हिंदी रुपयाचं. तुर्की अक्षरं खाली, त्यावर इंग्रजी छाप, भाषा तिसरीच बोलणारं गाव, आणि हिशोब आपल्या वाण्याच्या वहीतला. फ्रेमसमोर आजोबा सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते इथं.

ज्यावर देशाचं नावच नाही असं तिकीट असतं का?

असतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. १८७० मध्ये प्रशियाच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा आल्सास-लोरेन आणि इतर व्यापलेल्या भागासाठी त्यांनी तिकिटं काढली. त्यावर ना राजाचं डोकं, ना गरुड, ना देशाचं नाव. फ्रेंच भाषेत 'पोस्त', मध्ये आकडा, खाली 'सांतीम'. मागे बारीक नागमोडी रेषांची जाळी. मुलूख अजून कायद्यानं आपला झालेला नाही, याची जाण त्या छपाईत होती. १ जानेवारी १८७२ पासून तिथं सरळ जर्मन साम्राज्याची तिकिटं आली.

१९४० ला हाच मुलूख पुन्हा जर्मनांनी घेतला, तेव्हा ही लाज उरली नव्हती. माजी जर्मन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचं डोकं असलेल्या आपल्याच तिकिटांवर एका भागासाठी 'एल्झास' आणि दुसऱ्यासाठी 'लोथरिंगेन' असा जाड छाप मारला आणि दीडेक वर्षात तोही सोडून जर्मनीतलीच तिकिटं लागू केली. दोन्ही मालिका मी एकाखाली एक लावतो. बोलावं लागत नाही.

१८७० च्या तिकिटाची एक खूण लक्षात ठेवा. जाळी उलटी छापली गेलेली अस्सल तिकिटं महाग असतात, म्हणून स्वस्तात 'उलटी जाळी' दिसली की लोक झडप घालतात. पुढच्या काळात केलेल्या नकला सगळ्याच उलट्या जाळीच्या आहेत. पट्टी लावा : अस्सल तिकिटात 'पोस्त'चं पहिलं अक्षर डाव्या चौकटीपासून ३ मिलिमीटरवर असतं, नकलेत अडीचवर. अर्धा मिलिमीटर! मी एकदा आनंदाच्या भरात पट्टी न लावता घेतलं होतं. विकणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

एकाच गावाला दोन देशांनी तिकिटं पुरवली असं झालंय?

टेशेन. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यामधला कोळशाचा पट्टा. जानेवारी १९१९ मध्ये तिथं आठवडाभर लढाई झाली, मग सार्वमत घ्यायचं ठरलं. त्या काळात चेक तिकिटांवरही 'एस ओ १९२०' (एस ओ म्हणजे फ्रेंचमध्ये 'पूर्व सायलेशिया'ची आद्याक्षरं) आणि पोलिश तिकिटांवरही 'एस ओ १९२०', ज्याच्या ताब्यात जो भाग त्याचं तिकीट. सार्वमत काही झालं नाही, जुलै १९२० मध्ये वर बसलेल्यांनी रेघ ओढून वाटणी केली. विल्नो, म्हणजे आजच्या व्हिल्नियस शहराचंही असंच : ऑक्टोबर १९२० मध्ये पोलिश जनरल झेलिगोव्स्कीनं ते घेतलं, 'मध्य लिथुआनिया' नावाचा देश उभा केला, त्याची तिकिटंही काढली, आणि १९२२ ला तो देश पोलंडमध्ये विरघळला.

एक दिवस टिकलेल्या देशाचं तिकीट खरंच आहे का?

आहे. कार्पाथो-युक्रेन. १५ मार्च १९३९ ला चेकोस्लोव्हाकिया मोडत होता तेव्हा त्याच्या पूर्व टोकाच्या या प्रांताच्या विधिमंडळानं हुस्त गावात स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच दिवशी ३ कोरुनांचं निळं तिकीट विक्रीला आलं, त्यावर युक्रेनी लिपीत प्रांताचं नाव. दुसऱ्या दिवशी हुस्तमध्ये हंगेरीचं सैन्य. गंमत अशी की तिकीट स्वातंत्र्यासाठी छापलंच नव्हतं, ते विधिमंडळाच्या उद्‌घाटनासाठी आधीच तयार होतं. देश मागून आला.

कोरं तिकीट परवडतं. १५ मार्चचा हुस्तचा शिक्का असलेलं पाकीट मी फक्त चित्रात पाहिलंय.

१९७१ च्या युद्धाचं काही आपल्याकडच्या पेट्यांत सापडतं का?

सापडतंच. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराच्या पत्रव्यवहारात हात घाला.

पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा भारत सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत प्रत्येक टपालावर ५ पैसे जादा लावले. पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं तेवढी वगळली होती. त्यासाठी कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या लाल तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असा छाप मारला. नाशिकहून छापील माल वेळेत सगळीकडे पोचला नाही. मग ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्के बनवले, कुठं नुसतं पेननं लिहिलं. १ डिसेंबरला निर्वासितांच्या चित्राचं वेगळं तिकीट आलं.

म्हणून नियम : नोव्हेंबर १९७१ च्या पाकिटावर वेडावाकडा रबरी 'रेफ्युजी रिलीफ' दिसला तर तो 'खराब झालेला' म्हणून फेकू नका. सुटा रबरी शिक्का कुणीही घरी मारू शकतो, त्याला अर्थ नाही. तोच शिक्का जुळणाऱ्या गावाच्या आणि तारखेच्या पोस्टाच्या ठशाखाली दबलेला असेल तर तो खरा. आडतीच्या हिशोबाची कंटाळवाणी पाकिटं इथं सोन्याची ठरतात, कारण ती कुणी संग्रहासाठी बनवलेली नसतात.

आणि बांगलादेशची स्वतःची?

२९ जुलै १९७१. ढाका अजून पाकिस्तानच्या हातात, सरकार मुजीबनगरचं, म्हणजे प्रत्यक्षात सगळा कारभार कलकत्त्यातून. आणि आठ तिकिटं विक्रीला. लंडनमध्ये राहणारे बिमान मल्लिक यांनी चित्रं काढली, छपाई लंडनची. एकावर नकाशा, एकावर ढाका विद्यापीठातल्या हत्याकांडाची आठवण, एकावर शेख मुजीब. १० पैशांपासून १० रुपयांपर्यंत, पूर्ण संचाची किंमत २१ रुपये ८० पैसे. देशाचं नाव 'बांगला देश' असं दोन शब्दांत.

ही तिकिटं आधी दाव्याची होती. मुक्त झालेल्या भागातल्या टपालावर त्यांचा वापर झाला तेव्हा दाव्याला साक्ष मिळाली. १६ डिसेंबरनंतर काहींवर 'मुक्त' झाल्याचा इंग्रजी छापही आला. त्याच वेळी गावोगावच्या पोस्टमास्तरांनी शिल्लक पाकिस्तानी तिकिटांवर हातानं 'बांगला देश' उमटवला. या हातछापांच्या तऱ्हा मोजायला गेलं तर आयुष्य पुरणार नाही. आणि नकला तर विचारूच नका.

देवनागरी ओव्हरप्रिंट परदेशी युद्धभूमीवर कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो.

१९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायचं काम तटस्थ देशांच्या आयोगाकडे आलं. अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि पहारा भारतीय तुकड्यांचा. त्या जवानांच्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर चार शब्द छापले : 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. कटक म्हणजे फौज. पुढच्या वर्षी कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममध्ये युद्धबंदीवर देखरेख करायला आंतरराष्ट्रीय आयोग गेला, त्यातल्या भारतीय तुकड्यांसाठीही तिन्ही देशांच्या नावांचे देवनागरी छाप निघाले. काँगोसाठी १९६२ ला आणि गाझासाठी १९६५ ला मात्र छाप इंग्रजीत.

आता जवळून बघा. हे छाप ज्या मालिकेवर मारले ती १९४९ ची पुरातत्त्व मालिका. तिच्यातलं सगळ्यात स्वस्त तिकीट ३ पैचं, आणि त्यावर अजिंठ्याचा फलक! म्हणजे वाघूरच्या नालेतलं अजिंठा लेणं कोरियाच्या सरहद्दीवर गेलं, तिथून कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम फिरलं. निजामानं ते ८ आण्यांना विकलं, भारतानं ३ पैला. निजामाचं अजिंठा आणि कोरियाचं अजिंठा मी शेजारी-शेजारी लावतो आणि खाली काही लिहीत नाही.

'५६ एपीओ' असं लिहिलेली पाकिटं घरात आहेत. ती यात येतात का?

येतात, आणि तिकिटांपेक्षा पुढची रांग त्यांची. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्कराची टपाल कचेरी. लढाईतल्या जवानाच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो, म्हणजे शत्रूला पलटण कुठं आहे ते कळू नये. तो नंबर त्या तारखेला कुठं होता हे शोधून काढता येतं. पण घरच्या माणसाला विचारल्याशिवाय असली पत्रं विकायला काढू नका. पलीकडच्या गल्लीतल्या मावशींकडे त्यांच्या दिराची १९६५ ची अंतर्देशीय पत्रं आहेत. मी ती वाचली, पुन्हा घडी घालून दिली. विकत मागितली नाहीत.

आझाद हिंदची तिकिटं खरी की खोटी?

छापलेली खरी, वापरलेली नाहीत. १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात ती छापली गेली. टपालात प्रत्यक्ष चालली नाहीत. त्यामुळे त्यावर शिक्का दिसला तर तो शिक्का संशयाचा, तिकीट नव्हे. भावनेची किंमत वेगळी, ती ज्यानं त्यानं करावी.

तिकिटामुळे युद्ध पेटलं, हे खरं का?

तिकिटामुळे नाही. तिकीट म्हणजे रॉकेल, काडी दुसऱ्याची. बोलिव्हिया आणि पॅराग्वे ही दोन्ही राष्ट्रं चाको नावाच्या पडीक मुलखाचा नकाशा आपापल्या तिकिटांवर 'आमचा' म्हणून छापत होती. पॅराग्वेनं १९३२ च्या तिकिटावर तर लिहिलंच : चाको आमचा होता, आहे आणि राहील. १९३२ ते १९३५ दोघं लढले. निकाराग्वानं १९३७ मध्ये हवाई टपालाच्या तिकिटावर नकाशा छापून होंडुरासलगतच्या पट्ट्यावर 'वादग्रस्त भूभाग' असं लिहिलं, तर होंडुरासमध्ये आगडोंब उसळला.

फॉकलंडचं १९८२ चं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. अर्जेंटिनानं बेटं घेतली आणि आपल्या तिकिटावर 'माल्विनास (म्हणजे हीच बेटं) अर्जेंटिनाची आहेत' असा छाप मारला. ते तिकीट अर्जेंटिनाभर विकलं, माझ्याकडेही आहे, स्वस्त आहे. पण बेटांवर जो शिक्का मारला जाई, '९४०९ इस्लास माल्विनास', तो काही आठवडेच चालला. कारण जूनमध्ये इंग्रज परत आले. घोषणा ढिगानं मिळते. त्या आठवड्यांतलं खरं गेलेलं पत्र शोधावं लागतं.

ज्या देशाला कुणी मानत नाही त्याचं तिकीट चालतं का?

आत चालतं, बाहेर नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला १८७४ पासून जागतिक टपाल संघ आहे. त्याचा जो सदस्य त्याचं तिकीट जगभर मान्य. उत्तर सायप्रसचं पत्र म्हणूनच तुर्कस्तानमार्गे जातं. पत्ता लिहिताना 'मर्सिन १०, टर्की' असं लिहावं लागतं, जणू सगळा देश म्हणजे मर्सिन शहराचा दहावा वॉर्ड. अझरबैजानमधल्या फुटीर नागोर्नो-काराबाखची तिकिटं १९९३ पासून निघत होती. १ जानेवारी २०२४ पासून ते राज्यच उरलं नाही. युक्रेनच्या डोनेत्स्क-लुहान्स्क भागातल्या फुटीर राजवटींनीही तिकिटं काढली, टपाल संघानं ती मानली नाहीत.

अशी तिकिटं संग्रहात ठेवू नयेत असं काही ज्येष्ठ म्हणतात. मला पटत नाही. ठेवा, पण वेगळ्या पानावर, खाली कुणी काढलं ते लिहून. बाजारात 'फुटीर देश' म्हणून विकल्या जाणाऱ्या फुलं-फुलपाखरांच्या झगमगीत तिकिटांना मात्र त्या मुलखाचं पाणीसुद्धा लागलेलं नसतं.

युक्रेनचं जहाजाचं तिकीट इतकं का गाजलं?

१२ एप्रिल २०२२ ला निघालं. समुद्रात 'मॉस्क्वा' ही रशियन युद्धनौका, किनाऱ्यावर पाठमोरा सैनिक, हात वर, आणि एक बोट काय दाखवतंय ते शाळेत समजावायची वेळ माझ्यावर दरवर्षी येते. १४ एप्रिलला ती नौका बुडाली. कीवच्या टपाल कचेरीसमोर रांगा लागल्या. हे आजचं असल्यानं नकला उदंड.

आमच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत. आधी काय करू?

काहीही करू नका. खरंच.

आठवीत असताना आत्याच्या माळवदाच्या घरात कोनाड्यात एक पत्र्याची पेटी सापडली. सुतळीनं बांधलेला गठ्ठा, वरचं पाकीट कसरीनं खाल्लेलं, खालची चांगली. आत्याचे सासरे सावकारी करायचे, त्यांचा पत्रव्यवहार. मी काय केलं? घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि सगळी पाकिटं एकदम सोडली. पंधरा मिनिटांत २ आण्यांची जांभळी तिकिटं पालथी होऊन तरंगायला लागली. शाई पाण्यात उतरून पाणी गढूळ निळं. तिकिटं वर्तमानपत्रावर वाळत घातली, ओली पाकिटं वाळवून बंबात घातली. एका पाकिटावर उर्दू शिक्का होता, दुसऱ्यावर कुणीतरी लाल पेन्सिलीनं रेघ मारून काही लिहिलं होतं. ते वाचायला शिकण्याआधीच गेलं. तिकिटं आजही आहेत. प्रत्येकी चहाच्या किमतीची. तारखा कुठल्या होत्या, १९४८ च्या की नंतरच्या, ते त्या बंबालाच ठाऊक.

तेव्हा : तिकीट पाकिटावरून काढू नका, त्याच्याभोवती कापूनही घेऊ नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. आपल्या उन्हाळ्यात डिंक करकरतो आणि पावसाळ्यात चिकटतो, म्हणून पत्र्याच्या पेटीऐवजी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, भिंतीपासून दूर, वाळवीच्या वाटेबाहेर ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. पुढची-मागची बाजू मोबाईलवर टिपून ठेवा आणि पेटी कुणाची, कुठून आली ते चिठ्ठीवर लिहा. आत्या-मामा आहेत तोवर विचारून घ्या, कारण शिक्का वाचता येतो पण 'ब्याहीबुवा' कोण होते ते वाचता येत नाही.

किती पैसे मिळतील?

सुट्या तिकिटांचे फार नाहीत. कॅटलॉगमधला आकडा हा दुकानदार विकतो तो भाव असतो, तुम्हाला देईल तो नव्हे. शिवाय तो निर्दोष नमुन्याचा असतो. पाकीट असेल, शिक्का वाचता येत असेल, तारीख सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे असेल, तर घाई करू नका, दोघा-तिघांना दाखवा. तासाभरात ठरवा म्हणणाऱ्याला तासाभरानं या म्हणा आणि दार लावून घ्या.

तुम्हाला दाखवायला आणू का?

आणा. पण पाकीट खिशात दुमडून नाही, वहीत ठेवून. आणि ओलं करून तर अजिबात नाही.